खांब जिथं कुजतो

खांब कुजलाय हे मालकाच्या आधी गुरांना कळतं. म्हैस मान खाजवायला खांबाला टेकते, खांब थोडा हलतो, आणि पुढच्या खेपेला ती नेमकी तिथंच येते. दोन-चार दिवसांत ती चवळीच्या वाफ्यात उभी असते आणि घरात आरडाओरड होते, कुंपण कोणी मोडलं म्हणून. मोडलेलं कोणीच नसतं. लांबून बघितलं तर खांबांची रांग सरळ दिसते, पण जवळ जाऊन एखादा धरून हलवला की ध्यानात येतं, खांबानं तार धरलेली नाही, तारेनंच खांबाला धरून ठेवलंय. कुजलेला खांब असा तारेला लोंबकळत दोन-दोन पावसाळे काढतो. त्याच्या वाट्याचा भार शेजारच्या खांबांवर पडतो, मग तेही कलू लागतात.

सावंतवाडी तालुक्यातल्या एका काजूच्या बागेत मागच्या वर्षी देवदिवाळीनंतर हे काम चाललं होतं. बाग सड्याच्या उतारावर, खालच्या अंगाला माती, वर गेलं की जांभा उघडा पडलेला. मालक सत्तरीच्या पुढचे, मुलगा पणजीत नोकरी करून सुट्टीला येणारा, आणि खांब काढायला गावातलेच दोघे. त्या एका कुंपणात घरातल्या तीन पिढ्यांच्या खिशाचा अंदाज येत होता. सर्वांत जुने खांब ऐनाचे, आजोबांनी स्वतःच्या रानातून तोडून आणलेले. मग सुरूचे, बाजारातून स्वस्तात मिळाले म्हणून. पुढं सिमेंटचे, त्यानंतर लोखंडी अँगल. मध्येच एक-दोन पांगाऱ्याचे, खांब म्हणून रोवलेले आणि झाड होऊन बसलेले.

देवदिवाळीचा मुहूर्त उगाच नसतो. पाऊस संपलेला असतो, पण जमिनीत ओल टिकून असते, पहार आत जाते. हेच काम मे महिन्यात काढलं तर तांबडी माती दगडासारखी होते आणि माणसं दुप्पट रोज मागतात, तेही रास्तच. शिवाय भात कापून झालं की गुरं मोकाट सुटतात. पूर्वी वायंगणी, म्हणजे हिवाळी भाताची शेती असलेल्या गावांत याच दिवसांत वई, म्हणजे काट्याकाठ्यांचं कुंपण घालायचं काम निघायचं.

पाहणी करायची रीत साधी आहे. खांबाच्या वरच्या भागाकडं बघायचंच नाही. बुंध्याभोवतीची माती वीतभर उकरायची आणि तिथं पहारीचं टोक किंवा स्क्रू-ड्रायव्हर दाबून बघायचा. चांगल्या लाकडात टोक अडतं. कुजक्यात ते भाकरीत बोट जावं तसं जातं. ज्येष्ठ गड्यानं एका खांबाला हातोडीनं ठोकून आवाज ऐकवला, नुसता भद्द. म्हणाला, ‘वरसून बरो दिसता, खालसून कुसलेलो आसता.’ बदलायच्या खांबांवर मालकांनी चुन्याचा ठिपका दिला. ठिपके वाढत गेले तसा त्यांचा चेहरा उतरत गेला.

खांब नेमका त्या वीतभर जागेतच का कुजतो? लाकूड खाणाऱ्या बुरशीला चार गोष्टी लागतात: खायला लाकूड, मध्यम ऊब, ओल आणि हवा. लाकडातली ओल वीस टक्क्यांच्या खाली असेल तर बुरशीचं काही चालत नाही. म्हणून खांबाचा वरचा भाग पावसात भिजला तरी उन्हावाऱ्यानं वाळतो आणि टिकतो. खाली, जमिनीत खोलवर, ओल भरपूर असते पण हवा कमी, त्यामुळं तिथंही कुज सावकाश चालते. जमिनीच्या पातळीला मात्र चारही गोष्टी बारमाही जमून येतात. सिंधुदुर्गात पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर. तेव्हा इथं त्या वीतभर जागेचं काय होत असेल, ते सांगायला नको.

हवा तोडली की लाकूड किती टिकतं, हे आपल्या विहिरी बांधणाऱ्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होतं. विहिरीच्या तळाशी, दगडी बांधकामाच्या खाली, उंबराच्या लाकडाचं कडं बसवत. उंबराचं लाकूड म्हणजे हलकं, मऊ. कुंपणाला लावलं तर हसं होईल. पण कायम पाण्याखाली राहिलं की बुरशीला श्वासच मिळत नाही आणि ते पिढ्यान्‌पिढ्या टिकतं. लाकूड चांगलं की वाईट हा प्रश्नच अर्धा आहे. ते कुठं उभं राहणार, हे सांगितल्याशिवाय त्याचं उत्तर देता येत नाही.

तरीही लाकडालाकडात फरक असतोच. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत देशातली लाकडं याच कसोटीवर तपासली गेली आहेत. दोन फूट लांब आणि दोन-दोन इंच जाडीरुंदीच्या काठ्या अर्ध्या जमिनीत गाडायच्या, आणि वाळवी व बुरशी त्यांना किती महिन्यांत संपवतात ते नोंदवत राहायचं. इंग्रजीत या चाचणीला कब्रस्तानाचंच नाव आहे, आणि रांगेत रोवलेल्या त्या काठ्या बघितल्या तर ते पटतं. सरासरी १२० महिने किंवा त्याहून जास्त टिकणारं लाकूड पहिल्या वर्गाचं, ६० ते १२० महिने टिकणारं दुसऱ्या, त्याखालचं तिसऱ्या. साग आणि खैर पहिल्या वर्गात. आंबा आणि सावर तिसऱ्यात.

यात एक मेख आहे, आणि बाजारात खांब विकणारा ती सांगत नाही. हे सगळे वर्ग गाभ्याच्या लाकडाचे. सालीलगतचा जो पांढरट थर, तो सागाचा असला तरी बुरशीला सारखाच गोड. गाभ्यात झाडानं स्वतःच्या संरक्षणासाठी कडू-तुरट द्रव्यं साठवलेली असतात. खैराच्या गाभ्यातून तर आपण कात काढतो. कोवळ्या झाडात गाभा तयारच झालेला नसतो. तेव्हा चार-पाच वर्षांच्या सागाच्या विरळणीतून निघालेला मनगटाएवढा खांब ‘सागवानी’ म्हणून घेणं म्हणजे नावाचे पैसे मोजणं. या बागेतले सुरूचे खांब असेच कोवळे होते. दोन-तीन पावसाळ्यांतच त्यांनी मान टाकली. आजोबांचे ऐनाचे खांब जाडजूड होते. त्यांचा पांढरा भाग केव्हाच गळून गेला होता आणि आतला गाभा अजून उभा होता. मूळ खांबाच्या निम्म्या जाडीचा, पण ठणठणीत.

मग पुन्हा ऐनाचेच का नाही लावत? कारण ते तोडायचे तर परवानगी लागते. १९६४च्या महाराष्ट्र वृक्षतोड विनियमन कायद्याच्या अनुसूचीत साग, खैर, ऐन, किंजळ, हिरडा, जांभूळ, फणस ही सगळी झाडं आहेत. म्हणजे कोकणात कुंपणाला लायक म्हणावं असं जवळजवळ प्रत्येक लाकूड. कायदा नसता तर आज तोडायला ऐन उरला असता का, हाही प्रश्न आहेच. आजोबांच्या वेळचं रान आता नाही, त्यामुळं आजोबांचं कुंपणही नाही.

काढायचं काम रोवण्यापेक्षा अवघड असतं, हे हातात पहार घेतल्याशिवाय पटत नाही. पहिली पायरी तारेची. काटेरी तार ताणलेली असते. तिचे यू-आकाराचे खिळे एकदम उपटले तर ती उसळून अंगावर येते. मुलगा पक्कड घेऊन पुढं सरसावला तसा गडी ओरडला, ‘झिला, तार एकदम सोडू नको, तोंडार येतली!’ आधी दोन्ही बाजूंना मेढी ठोकून तार त्यांना बांधून घ्यायची, मग मधला खांब सोडवायचा. एका वेळी एकच, आणि एकाआड एक. सगळी रांग एकदम मोकळी केली तर कुंपण बसतं आणि पुन्हा ताणताना तार तुटते. जुनी तार गंजून ठिसूळ झालेली असते, तिला पहिल्यासारखा ताण सोसत नाही.

आणि खांब ओढला की तो हमखास मोडतो. कुठं, ते सांगायला नको. वरचा तुकडा हातात येतो, दीड-दोन फुटांचं खोड जमिनीत राहतं. मातीत असेल तर एका बाजूनं चर खणायचा, खोडाला साखळीचा फास टाकायचा, पहारीखाली दगड ठेवायचा आणि दाबायचं. तेवढ्यानं निघतं. काही जण ते खोड तसंच ठेवून हातभर बाजूला नवा खड्डा मारतात. वेळ वाचतो खरा, पण जुनं खोड वाळवीला आमंत्रण देत तिथंच राहतं आणि वाळवीला शेजारच्या नव्या खांबापर्यंत यायला कितीसा वेळ लागतो?

जांभ्यात प्रश्न वेगळाच. तिथं खड्डा म्हणजे दगडात कोरलेली चीज. कोणीतरी कधीकाळी दिवसभर पहार मारून तो पाडलेला असतो. खांब येतात नि जातात, खड्डा राहतो. त्यामुळं तिथं बाजूला सरकायची सोय नाही. आतलं खोड छिन्नीनं चिरून, चिंधड्या करून बाहेर काढावं लागतं. असं पहिलं खोड फोडलं तेव्हा आतून काळा चिखल आणि वास मारणारं पाणी निघालं, पाऊस थांबून महिना होऊन गेला तरी. जांभ्यातला खड्डा पाणी धरून ठेवतो. आजवर त्यात जे जे खांब उभे केले, ते सगळे अशा पाण्यात पाय घालून उभे होते. गड्यानं उताराच्या बाजूनं खड्ड्याच्या काठाला एक खाच पाडली, बुडाशी बारीक खडी घातली. काम पाव तासाचं. माझ्या मते त्या दिवशीच्या सगळ्या कामात हीच खाच सर्वांत मोलाची होती. महागडा खांब आणून पुन्हा त्याच डबक्यात उभा करणारे मालक मी बरेच पाहिलेत.

खोड काढताना हात घालायचा नाही, हा तिथला कडक नियम. कुजक्या लाकडाच्या पोकळीत विंचू असतात, आणि सड्यावर फुरसं. वीत-दीड वीत लांबीचं, मातीच्या रंगाचं जनावर, खोडाच्या किंवा गडग्याच्या सांदीत वेटोळं करून बसलेलं. आधी पहारीनं सगळं बाहेर ओढायचं, मग बघायचं.

नवा खांब रोवताना सगळ्यांची ओढ सिमेंटकडं असते. खांब उभा करा, भोवती काँक्रीट ओता, काम फत्ते. लाकडी खांबाच्या बाबतीत ही पक्केपणाची कल्पना बरेचदा उलटते. लाकूड वाळून आक्रसतं, काँक्रीट आक्रसत नाही. दोघांमध्ये केसाएवढी फट पडते, तीतून पाणी उतरतं आणि बाहेर पडायला वाट उरत नाही. जांभ्यातल्या खड्ड्याचंच दुखणं आपण पैसे मोजून मातीत आणतो. त्यापेक्षा बुडाला खडी, वर माती आणि खडीचे थर, प्रत्येक थर पहारीच्या बोथट टोकानं ठोकून घट्ट केलेला, आणि शेवटी बुंध्याभोवती मातीचा उंचवटा, म्हणजे पाणी खांबाकडं न येता बाहेर जाईल. खांबाचा सुमारे एकतृतीयांश भाग जमिनीत. कोपऱ्याच्या खांबाला त्याहून खोल खड्डा आणि आतल्या अंगानं तिरका टेकू, कारण सगळ्या तारेची ओढ कोपऱ्यावर येते. कोपरे पक्के असतील तर मधले खांब जरा कमी दर्जाचे असले तरी निभावतं. खर्च कुठं करायचा याचं उत्तर त्यातच आहे. लोक मात्र तो रस्त्याकडच्या बाजूला करतात, दिसतो म्हणून.

खांबाच्या बुडाला काय लावायचं, यावर गावात जेवढी माणसं तेवढी मतं. डांबर लावणारे आहेत. बुड विस्तवावर धरून काळं करणारेही आहेत. नुसतं वरवर जाळून फारसं काही साधत नाही, उलट लाकडाला चिरा पडतात आणि बुरशीला आत जायला वाटा मिळतात. कोकणात पूर्वी डिंबेल लावत, म्हणजे काजूच्या टरफलाचं तेल. होड्यांनाही तेच. अंगाला लागलं तर कातडी भाजून निघते इतकं ते जहाल, आणि किड्यांना तेच नको असतं. पण हे सगळे लेप वरवरचे. खरं संरक्षण लाकडाच्या आत मुरावं लागतं.

असं मुरवायचं जगभर वापरलं गेलेलं एक औषध आपल्याच देशात निघालं, हे फार जणांना ठाऊक नसतं. डेहराडूनच्या त्याच संस्थेत सोंटी कामेसन या शास्त्रज्ञानं १९३३ साली तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांच्या क्षारांचं मिश्रण तयार केलं. तांबं बुरशीला मारतं, आर्सेनिक किड्यांना, आणि क्रोमियम या दोघांना लाकडात असं बांधून ठेवतं की पावसानं ते धुऊन जात नाहीत. ‘अस्कू’ या नावानं ते बाजारात आलं. बंद टाकीत लाकूड ठेवून, आधी आतली हवा ओढून, मग दाबानं हे द्रावण भरायचं. गंमत म्हणजे ते पांढऱ्या लाकडातच चांगलं भरतं, गाभ्यात शिरत नाही. म्हणजे ज्या कोवळ्या, पांढऱ्या लाकडाला आपण नावं ठेवतो, तेच प्रक्रियेनंतर गाभ्याच्या वर टिकतं. अर्थात आर्सेनिक ते आर्सेनिकच. अमेरिकेत २००३च्या अखेरीपासून घरगुती वापराच्या लाकडासाठी ते थांबवलं गेलं. आपल्याकडं हिरवट झाक असलेला असा जुना खांब निघाला तर तो न्हाणीच्या चुलीत घालू नये. धुरात आणि राखेत विष येतं. ऐनाचे आणि सुरूचे तुकडे खुशाल जाळावेत.

सिमेंटच्या खांबाबद्दल लोकांच्या मनात अमरत्वाची भावना आहे. चार इंच जाडीचा सहा फुटी खांब चाळीस किलोच्या वर भरतो, आणि उतारावर तो खांद्यावरूनच न्यावा लागतो. हे वजन कोणाच्या खांद्यावर पडतं, हे अमरत्वाच्या हिशेबात धरलेलं नसतं. आणि तोही मरतोच, फक्त वेगळ्या तऱ्हेनं. आतल्या सळईवर सिमेंटचा थर पातळ असला, खाऱ्या वाऱ्याचा मुलूख असला, की सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो आणि सिमेंटला आतून फोडतो. बागेत असे उभी चीर पडलेले खांब होते, चिरेतून तांबडे ओघळ आलेले. लोखंडी अँगलही जमिनीलगतच आधी खाल्ला जातो. त्या वीतभर जागेनं कोणालाच सोडलेलं नाही.

आपल्या आधीच्या लोकांनी हा प्रश्न वेगळ्या बाजूनं धरला होता. वई टिकावी अशी त्यांची अपेक्षाच नव्हती. करवंदीच्या जाळ्या, चिव्याच्या काठ्या, दरवर्षी नवी. जुनी कुजली की खत. यात माल किती जातो याचा हिशेब सर्वांत मोठ्या प्रमाणावर मांडला तो मात्र इंग्रज सरकारनं. मिठावरचा कर चुकवून मीठ जाऊ नये म्हणून त्यांनी सिंधू नदीपासून खाली बुऱ्हाणपूरवरून महानदीकडं जाणारी जकातीची रेषा आखली होती. १८६९च्या सुमारास तिची लांबी २,३०० मैल, राखणीला सुमारे १२,००० माणसं. बऱ्याच लांबीवर काट्यांचं कुंपण. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम, पुढं काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे तेच, तेव्हा या खात्याचे आयुक्त होते. त्यांनी हिशेब केला की सुक्या काट्यांच्या एका मैलाला २५० टन माल लागतो, आणि वाळवी, वणवा, वादळ यांत दरवर्षी त्यातला जवळजवळ निम्मा बदलावा लागतो. तेव्हा त्यांनी जिवंत कुंपणाचा आग्रह धरला: करवंद, बोर, बाभूळ. १८७९ साली ती रेषाच रद्द झाली आणि कुंपण रानात विरून गेलं. रॉय मॉक्सहॅम या इंग्रज लेखकानं त्याचे अवशेष हुडकत फिरून २००१ साली त्यावर पुस्तक लिहिलं. मिठावर कर लावणाऱ्या सरकारबद्दल सहानुभूती वाटायचं कारण नाही, पण ह्यूमसाहेबांचा तो हिशेब कुठल्याही शेतकऱ्याला पटेल.

जिवंत खांब कुजत नाही, कारण तो स्वतःची साल राखून असतो. या बागेत पांगाऱ्याचे जे दोन खांब झाड होऊन बसले, ते सगळ्या कुंपणात घट्ट होते. पण त्यांचीही दुखणी आहेत. पांगाऱ्यावर या शतकाच्या पहिल्या दशकात एक बारीक गांधीलमाशी आली, पानांना गाठी आणणारी, आणि गावोगावचे पांगारे झडले. फड्या निवडुंगाची कहाणी त्याहून मोठी. दख्खनभर त्याची कुंपणं होती, इतकी की ते शेतांत घुसू लागलं. १९२६ साली श्रीलंकेहून त्याला खाणारा कोचिनील किडा दक्षिण भारतात आणला गेला आणि त्यानं निवडुंगाचे ताटवेच्या ताटवे संपवले. शेतं सुटली, पण कुंपणं गेली. गिरिपुष्पाची फांदी तेवढी सध्या विनातक्रार चालते. मृगाच्या आधी पाच-सहा फुटांची काठी रोवली की जगते, आणि तिचा पाला भातखाचरात खत म्हणून जातो. तार मात्र तिला खिळ्यानं मारू नये आणि गुंडाळूनही टाकू नये. झाड जाड होतं, तार सालीत रुतते आणि पुढं ती बदलायची वेळ आली की खोडातून काढता येत नाही. जुन्या टायरच्या पट्टीनं सैल बांधली तर दरवर्षी सोडून पुन्हा बांधता येते.

रानडुकराला यातलं काहीच अडवत नाही. तो खालच्या तारेखालची माती उकरतो. माकडांसाठी तर कुंपण म्हणजे बसायची जागा. म्हणून हल्ली सौरऊर्जेवर चालणारी झटका मशीन आली आहेत. क्षणभराचा झटका, मग मध्ये विश्रांती, त्यामुळं जनावर दचकतं पण मरत नाही. काही जण हा खर्च टाळून घरातल्या विजेची तार थेट कुंपणाला जोडतात. त्यात रानातली जनावरं मरतात आणि माणसंही. हा गुन्हा आहे, आणि तसं कुंपण घालणाऱ्याला कोणतीही सबब नाही.

दुपारी जेवणं झाल्यावर शेजारचे गृहस्थ गडग्यापाशी येऊन उभे राहिले. बोलले काही नाहीत. त्यांचं लक्ष खांब कुठल्या खड्ड्यात जातोय याकडं होतं. जुनं खोड काढून हातभर पलीकडं खांब रोवला की हद्द हातभर सरकते, आणि अशा हातभर जमिनीसाठी कोर्टात पिढ्या गेलेल्या आहेत. हद्दीच्या खुणा हलवणं १९६६च्या जमीन महसूल संहितेनुसार दंडनीय आहे, पण कुजलेला खांब ही काही सरकारी खूण नव्हे. म्हणून सामाईक हद्दीवरचं खोड शेजाऱ्याला बोलावून, त्याच्या देखत काढायचं आणि त्याच खड्ड्यात नवा खांब घालायचा, असा तिथला शहाणपणा. मालकांनी शेजाऱ्यांना हाक मारली, ‘येवा, बगा तुमीच.’ ते आले, चहा झाला, आणि खर्च निम्मा-निम्मा करायचं ठरलं. पुढं तो मिळाला की नाही, ते मी विचारलं नाही.

त्या खेपेला कोपरे आणि जांभ्यातले खांब तेवढे झाले. मातीतल्या बाजूला मे महिन्यात गिरिपुष्पाच्या काठ्या लावायच्या, आणि त्या जाड होईपर्यंत मधे मधे ऐनाचे जुने गाभे तसेच ठेवायचे, असं मालकांनी ठरवलंय. चुन्याचे बाकी ठिपके राहिलेत. ते कधी, असं मुलानं विचारलं. काजूचा दर काय लागतो ते बघून, म्हणाले.